डावा हात वर

आमची शाळा दुपारची. सकाळी त्याच वर्गात पहिलीची पिल्लं बसतात, त्यामुळे आम्ही सहावीतले घोडे रोज दुपारी त्यांच्या बाकांत गुडघे कोंबून बसतो. कप्प्यात हात घातला की कुणाचा तरी अर्धा चावलेला पाव हाताला लागतो. लोकांना वाटतं, दुपारची शाळा म्हणजे चैन, सकाळभर लोळायचं. लोळू कोण देतंय! आई घरीच शिवणकाम करते. उजाडलं की तिचं मशीन सुरू होतं आणि मशीनबरोबर तोंडही. "रुक्सांद्रा, ऊठ. कोंबड्यांना दाणे टाक. कासियान, गणितं झाली का? दात घासले? घासले असतील तर ब्रश कोरडा कसा रे?" मग गृहपाठ, मग सूप, मग सूप शर्टावर सांडलं म्हणून बोलणी, मग दुसरा शर्ट, दप्तर आणि पळापळ. संध्याकाळी घरी येतो तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात.

कासियान म्हणजे माझा मावसभाऊ. तो आमच्याच घरी राहतो, माझ्याच वर्गात आहे आणि माझ्याच बाकावर बसतो. म्हणजे चोवीस तास माझ्या डोक्याला ताप. लेनुत्सा मावशी, म्हणजे त्याची आई, आमचा रोमानिया सोडून इटलीत एका आजारी म्हातारीला सांभाळते. मागच्याच्या मागच्या नाताळला ती आली होती, त्यानंतर फक्त फोनवर दिसते. कासियान तिची आठवण काढून रडतबिडत नाही. पण फोन आला की तो आधी केस विंचरतो. सहावीतला दुसरा कुठला मुलगा आपल्या आईसाठी केस विंचरतो, मला दाखवा.

या उन्हाळ्यात तो इटलीला जाणार होता. जूनमध्ये शाळा बंद झाली की लगेच निघणाऱ्या गाडीत त्याची जागा सांगून ठेवली होती. म्हातारीच्या घरच्यांनी मावशीला तेवढे दिवस मुलाला जवळ ठेवायची परवानगी दिली होती, पुढे ते सगळे समुद्रावर जाणार होते. सगळं ठरलं होतं. आडवा आला तो भूगोल.

भूगोलात कासियानला दोन वेळा चार मिळाले होते, दहापैकी. आमच्याकडे वर्षाची सरासरी पाचाखाली गेली की जुलैत फेरपरीक्षा. जुलैत फेरपरीक्षा म्हणजे गाडी त्याला न घेता जाणार आणि आई पुढच्या नाताळलाच भेटणार, तेही म्हातारीची तब्येत बरी असली तर. आता एकच तोंडी परीक्षा उरली होती आणि त्यात निदान सहा हवे होते; सरासरी साडेचाराच्या वर गेली की आमच्याकडे पाच धरतात. कासियानला बाई फळ्यापाशी बोलावतात तेव्हा तो खडूकडे असा बघतो, जणू खडूच त्याच्या वतीने बोलणार आहे.

तेवढ्यात शाळेत बातमी आली की जिल्ह्याचे इन्स्पेक्टर भूगोलाचा तास बघायला येणार. तेही आमच्याच वर्गात.

भूगोलाच्या वोर्निकू बाई एरवी करारी. त्यांच्या तासाला माशी उडाली तरी परवानगी काढून उडते. पण त्या दिवशी बाईंचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा कळलं की मोठी माणसंसुद्धा परीक्षेला घाबरतात. या तपासणीवर त्यांची बढती अवलंबून होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरून पडदे आणले, कुठल्याशा शाळेतून युरोपचा नवा नकाशा उसना आणला आणि दार लावून घेतलं.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेबांसमोर आपण डॅन्यूब नदी शिकणार आहोत."

"बाई, ती तर झाली," मागून कुणीतरी म्हणालं.

"झाली नाही. ती त्या दिवशी पहिल्यांदाच होणार आहे. कळलं?"

कळलं. मग रोज डॅन्यूब पहिल्यांदा व्हायला लागली. प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दिला. सगळ्यात मोठं उत्तर अर्थातच ऑक्टावियाला: नदी कुठे उगम पावते, कुठल्या कुठल्या देशांतून जाते, काठावर कुठल्या राजधान्या आहेत. ऑक्टाविया आमच्या वर्गाची हुशार मुलगी. ती उत्तर देताना मान तिरकी करते, वेणी मागे टाकते आणि वाक्य संपलं की किंचित हसते. मला ती अजिबात आवडत नाही. मला कुठलं उत्तर मिळालं? "काळ्या समुद्राला." नदी कुठे मिळते, तर काळ्या समुद्राला. बस. एवढ्यासाठी मी आठवडाभर तयारी करायची!

मग बाईंनी हातांचा नियम सांगितला.

"मी काहीही विचारलं तरी सगळ्यांचे हात वर दिसले पाहिजेत. साहेबांना वाटलं पाहिजे की वर्ग नुसता उसळतोय. ज्याला येतंय त्याने उजवा हात वर करायचा. ज्याला येत नाही त्याने डावा. मी उजव्यालाच विचारणार. साहेब मागे बसतात, त्यांना काय कळतंय?"

तास संपल्यावर त्यांनी कासियानला थांबवलं. मी त्याची बहीण म्हणून मीही थांबले. मला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

"कासियान," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तू डावा हात वर ठेवायचा आणि तोंड बंद. काहीही झालं तरी बंद. तेवढं केलंस तर मी तुला सहा देते. जा आईकडे."

कासियानने मान हलवली. रस्त्याला लागल्यावर तो मला म्हणाला, "बघ रुक्सी, आयुष्यात पहिल्यांदा मला जे येतं त्यालाच मार्क मिळणार."

पण झालं उलटंच. आम्ही सगळे आपापलं उत्तर घोकण्यात गुंतलो होतो, आपलं झालं की दुसऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं. कासियानला घोकायला काहीच नव्हतं. डावा हात वर करून रोज तासभर तो करणार काय? तो ऐकत बसला. आणि ऐकता ऐकता गड्याला अख्खा तास पाठ झाला. पण त्याला ते ठाऊकच नव्हतं. सकाळी दात घासताना तो तोंडात फेस घेऊन बडबडायचा, "जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून..." आणि तेही ऑक्टावियासारखी मान तिरकी करून. नसलेली वेणीसुद्धा मागे टाकायचा. आई हसून हसून मशीनवर डोकं ठेवायची.

"अरे, तुला तर येतंय की!" मी म्हणाले.

"मला नाही येत. हे ऑक्टावियाचं आहे," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

तपासणीचा दिवस उजाडला. आता आमच्याकडची एक गोष्ट अशी की माणूस महत्त्वाच्या कामाला निघाला आणि समोरून कुणी भरलेली बादली घेऊन आलं, तर काम फत्ते. रिकामी बादली आली तर सरळ घरी परतून झोपावं. आईचा या गोष्टीवर विश्वास नाही. ती हे दरवेळी बादली भरतानाच सांगते.

आम्ही निघालो तेव्हा ती विहिरीवरून काठोकाठ भरलेली बादली घेऊन फाटकाबाहेर दबा धरून उभी होती, अगदी सहज समोर आल्यासारखं दाखवायला. आम्ही बाहेर पडलो, ती सहज समोर आली, आणि कासियान म्हणाला, "थांबा, नकाशाची वही राहिली." आणि तो आत पळाला.

"मेल्या, परत फिरू नकोस! परत फिरणं त्याहून वाईट!" आई ओरडली, पण तो गेला होता. तिने हिसका दिला तशी बादली तिच्या चपलांवर हिंदकळली. ती पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून गव्रिल काका बाहेर आले. डुकरांना खाणं घालून ते येत होते. हातात रिकामी बादली.

"गव्रिलभाऊ, आत व्हा! आधी आत व्हा!"

"का गं? आग लागली का?"

"रिकामी बादली घेऊन कुठे निघालात? पोराची आज परीक्षा आहे!"

"डुकरांनी खाल्लं, रिकामी झाली. आता ती काय मी कडेवर घेऊन लपवू?"

आईला काही सुचेना, तशी ती धावत गेली आणि आपल्या बादलीतलं अर्धं पाणी तिने काकांच्या बादलीत ओतलं. तेवढ्यात कासियान वही घेऊन आला. रस्त्यावर दोन माणसं दोन अर्ध्या बादल्या घेऊन उभी.

"मावशी," तो घाबरून म्हणाला, "अर्धी म्हणजे काय होतं?"

आई विचारात पडली. गव्रिल काकांकडे पाहिलं, त्यांनी खांदे उडवले.

"अर्धी म्हणजे उशीर होतोय," आई म्हणाली. "चल, पळ!"

इन्स्पेक्टर साहेब बुटके, टक्कलवाले आणि सर्दी झालेले निघाले. त्यांना बसायला मागचं बाक दिलं होतं. पहिलीच्या पोरांचं बाक ते. साहेब बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि ते अख्खा तास तसेच राहिले. बाईंनी खडू उचलला. फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, पुन्हा तीच लिहिली. मला एकदम त्यांची दया आली, आणि बाईंची दया येणं ही फार विचित्र गोष्ट आहे.

सुरुवात झकास झाली. बाईंनी विचारलं की युरोपातल्या मोठ्या नद्या कुठल्या, सगळे हात वर. कुणी व्होल्गा सांगितली, कुणी ऱ्हाइन. कासियान डावा हात वर करून, ओठ आत ओढून बसला होता. त्याचे गाल फुगले होते. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, याच्या तोंडात बेडूक आहे.

"आणि आता," बाई म्हणाल्या, "डॅन्यूब कुठून कुठे वाहते, ते कोण सांगेल?"

हात वर झाले. "ऑक्टाविया!"

ऑक्टाविया उठली. मान तिरकी केली. वेणी मागे टाकली. "डॅन्यूब नदी जर्मनीतल्या..." आणि तिला उचकी लागली.

आम्हाला वाटलं, एक उचकी, जाईल. तिने पुन्हा सुरुवात केली. "जर्मनीतल्या ब्... ब्..." उचकी. ती इन्स्पेक्टर साहेबांकडे बघायला लागली, आणि एकदा त्यांच्याकडे बघितल्यावर तिला डॅन्यूबही आठवेना आणि जर्मनीही. तोंड लालबुंद. वर्गात फक्त उचक्या ऐकू येत होत्या. मला एरवी तिला असं बघायला फार आवडलं असतं. त्या दिवशी नाही आवडलं.

"बस हं, ऑक्टाविया," बाई कसंनुसं हसल्या. "हिला कोण मदत करेल?"

आणि शिकवल्याप्रमाणे सगळ्या वर्गाने हात वर केले. सगळ्यांनी डावे. प्रत्येकाला फक्त आपलंच उत्तर येत होतं ना! आमच्याइतका प्रामाणिक वर्ग जिल्ह्यात सापडला नसता. भिंतीपासून खिडकीपर्यंत नुसते डावे हात, माझाही त्यातच. बाईंनी सगळ्या वर्गावर नजर फिरवली, एक तरी उजवा दिसतो का म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मागून साहेबांनी नाक शिंकरलं. "बाई, तुमचा वर्ग सगळा डावखुरा आहे का?"

तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. कासियानचा डावा हात वर होताच, आता उजवाही वर जायला लागला. अर्धा गेला, थांबला, मग पूर्ण गेला. डावा त्याने खाली घेतला नाही, कारण तसं ठरलं होतं. दोन्ही हात वर करून तो बाईंकडे बघत होता.

बाईंना ते दिसलं. त्यांनी नजर वळवली. पुन्हा दिसलं, पुन्हा वळवली. एवढी भीती मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

"तो कोण?" साहेब म्हणाले. "शरण आलेला? त्याला बोलू द्या."

कासियान उठला. आणि सुरू झाला.

"डॅन्यूब नदी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया..." एकेक देश असा सरळ रांगेत आला, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. मान तिरकी. रोमानियापाशी त्याने वेणी मागे टाकली. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड सांगितलं आणि किंचित हसला. मग थांबला नाही. पुढचं उत्तर पेत्रुचं होतं, ते पेत्रुच्या जाड आवाजात सांगितलं. त्यापुढचं माझं होतं. "काळ्या समुद्राला," तो चिरक्या, तुसड्या आवाजात म्हणाला. मी अशी बोलते? मी कधीच अशी बोलत नाही.

तो बसला. साहेब गुडघे सावरत उठून उभे राहिले.

"शाबास! बाई, हा तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी दिसतोय. मग याला एवढा वेळ विचारलं का नाही?"

बाईंनी तोंड उघडलं, पण कासियान त्यांच्या आधी बोलला. "मला विचारायचंच नव्हतं, साहेब. मी गप्प बसलो तर मला सहा मिळणार होते."

मी बाकाखालून त्याला लाथ मारली, पण लाथ उशिरा पोहोचली.

ऑक्टावियाची उचकीसुद्धा तिथल्या तिथे थांबली. आपण काय बोललो ते कासियानच्या हळूहळू लक्षात आलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण त्याला साहेबांची भीती वाटली नव्हती, तो बाईंकडेच बघत होता.

"बाई, आता नाही ना मिळणार सहा?" त्याने विचारलं. "मी बोललो. गप्प बसायचं ठरलं होतं. पण ऑक्टावियाला येईना, आणि मला वाटलं तुम्ही रडाल." मग त्याने बाहीने नाक पुसलं. "मी जुलैत देईन परीक्षा. आईला मी सांगेन."

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी बाकाच्या कप्प्यातला पहिलीच्या पोराचा पाव घट्ट दाबून धरला.

बाईंनी खडू खाली ठेवला. हात पुसले आणि साहेबांकडे वळल्या. "खरं आहे, साहेब. मीच तसं सांगितलं होतं. डाव्या हाताची युक्तीही माझीच. पोरांचा यात काही दोष नाही."

साहेबांनी फाइल मिटली. "आमच्यात अंगठा होता," ते म्हणाले. "हात सगळ्यांचा वर, पण येत असेल तर अंगठा मुठीत, नसेल तर बाहेर. मला माझ्या मास्तरांनी शिकवला. मी मास्तर झाल्यावर माझ्या पोरांना शिकवला." पुन्हा नाक शिंकरलं. "तुम्ही निदान अख्खा हात घेतलात. लांबून दिसतो, ही मोठी चूक. बाई, या मुलाला मार्क द्यायचे राहिले."

"दहा," वोर्निकू बाई म्हणाल्या.

वर्गाने श्वास रोखला. बाईंनी आमच्या देखत कुणाला दहा दिले नव्हते, ऑक्टावियालाही नऊच मिळायचे. कासियान बोटांवर सरासरी मोजायला लागला. दोनदा मोजली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रुक्सी, चार, चार आणि दहा. सहा होतात ना?"

"होतात रे, गाढवा!" मी म्हणाले आणि मलाच रडू आलं.

बाईंना उत्तम शेरा काही मिळाला नाही. साहेबांनी लिहिलं की तयारी जरा जास्त झाली आहे. बढती वर्षभर पुढे गेली. बाई चार दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत, पण कासियानच्या शर्टाची कॉलर मात्र त्यांनी जाता जाता नीट केली, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तपासणीच्या त्याच संध्याकाळी आईने ताटात मक्याच्या पिठाची गरम मामालिगा वाढली होती, पण कासियान जेवेना. केस विंचरून तो फोनसमोर बसला. म्हातारीला जेवू घालून मावशी रोज याच वेळी फोन करते. तिचा चेहरा दिसला आणि त्याने सांगून टाकलं, "आई, भूगोलात दहा."

"खोटं बोलू नकोस हं, कासी. मी इथं रोज देवाला दिवा लावते," मावशी म्हणाली. "कुणाचं बघून लिहिलंस?"

"तोंडी होतं."

"मग कुणी हळूच सांगितलं?"

"मावशी, खरंच दहा," मी फोनमध्ये तोंड घातलं. "इन्स्पेक्टर साहेबांसमोर."

मावशीने फोन जवळ धरला. मग म्हणाली, "काय विचारलं तुला? मला सांग बघू."

त्याने पहिल्यापासून सांगितलं, सगळे देश, सगळ्या राजधान्या. या वेळी त्याने मान तिरकी केली नाही आणि वेणीही मागे टाकली नाही. स्वतःच्याच आवाजात, सावकाश सांगितलं. मावशी ओठांवर हात धरून ऐकत होती. तिच्यामागे कुठेतरी म्हातारी इटालियनमध्ये कुणालातरी हाका मारत होती, पण मावशी हलली नाही.

तो काळ्या समुद्रापाशी थांबला तेव्हा तिने डोळे पुसले. "एवढे देश फिरते," ती म्हणाली, "आणि इकडे इटलीत नाही येत ती?"

"नाही आई," कासियान म्हणाला. "ती नाही येत. मीच येतोय."